बोटीचा रंग त्याच जागी पुन्हा पुन्हा सुटतोय? आधी पोपड्याची पाठ बघा

दिवाळीनंतर टच-अप केलेली जागा होळीपर्यंत पुन्हा उघडी पडते. मग पुन्हा घासणं, पुन्हा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), पुन्हा दोन हात रंग. मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि बोट काठावर ओढली की त्याच जागी तसाच पोपडा लोंबत असतो. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यात ज्यांच्या लहान फायबरच्या बोटी आहेत, त्यांच्याकडून ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. बहुतेकांचा निष्कर्षही ठरलेला असतो: रंग हलका निघाला, पुढच्या वेळी भारीतला आणू. भारीतला आणतात, तोही निघतो.

रंग क्वचितच दोषी असतो. दोष असतो रंगाच्या खाली, आणि नेमका कुठल्या थरात आहे हे सुटलेला पोपडाच सांगतो. म्हणून पहिली विनंती ही की पत्री घेऊन खरवडायला लगेच बसू नका. अंगठ्याच्या नखाएवढा तरी एक पोपडा अखंड काढा आणि उन्हात धरून त्याची मागची बाजू नीट बघा. नाशिकमध्ये बोटीचा म्हणून वेगळा रंगारी सहसा मिळत नाही. आपल्याकडे येतो तो गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करणारा किंवा घराचे रंग करणारा. दोघंही आपापल्या कामात तरबेज असतात, पण त्यांच्या कामाला चोवीस तास पाण्यात राहायचं नसतं. त्यामुळे निदान मालकानेच करायला हवं.

त्याआधी एक खातरजमा. इथे जे लिहितो आहे ते फक्त वरवरच्या नुकसानीबद्दल आहे: ओरखडे, उडालेले टवके, पोपडे, लहान फोड. जिथे नुकसान दिसतं त्याच्या आजूबाजूला एखाद्या नाण्याने हलके हलके ठोकत जा. फायबर चांगलं असेल तर टणक, खणखणीत आवाज येतो. मध्येच आवाज बद्द झाला, किंवा अंगठ्याने दाबल्यावर जागा आत गेली, तर ते रंगाचं काम राहत नाही. तिथे आतले थर सुटलेत किंवा त्यात पाणी शिरलंय. अशी बोट फायबरच्या कारागिराकडे न्या आणि तोवर पाण्यात घालू नका.

पोपड्याच्या पाठीवर काय दिसतं

पाठ काचेसारखी गुळगुळीत आणि चकचकीत असेल, आणि बोटीवरची उघडी पडलेली जागाही तशीच चमकत असेल, तर रंगाने खालच्या थराला धरलंच नव्हतं. एक तर ती जागा घासली नव्हती, किंवा घासण्याआधी तिच्यावरचं मेण काढलं नव्हतं. सर्वांत जास्त सापडणारं कारण हेच.

पाठीला पांढरट किंवा राखाडी पीठ चिकटलेलं असेल आणि खालची लांबी नखाने उकरली जात असेल, तर लांबी चुकीची आहे. पाठीवर जुना रंग चिकटून आला असेल, तर तुमच्या रंगाने आपलं काम चोख केलंय, त्याच्या खालचा जुना रंगच बोटीला सोडतो आहे. अशा वेळी डाग दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, ती पूर्ण बाजू खरवडावी लागते. पोपड्याबरोबर जेलकोटच (बोट साच्यात घडवतानाच चढवलेला रेझिनचा रंगीत बाहेरचा थर) निघून आला आणि खाली काचतंतूंची वीण दिसू लागली, तर मामला थोडा खोलवरचा आहे. त्याकडे पुढे येतो.

आणि पोपडा नसून फोड असेल तर सुईने टोचून बघा, पण डोळ्यांवर चष्मा हवा. आतला द्रव कधी कधी दाबाखाली असतो आणि चिळकांडी उडते. आत कोरडी हवा असेल तर रंग तापत्या उन्हात मारला होता किंवा त्यात थिनर कोंडला गेला होता. साधं पाणी असेल तर रंगाखाली ओल गेली आहे. बोटाला चिकट लागणारा, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा द्रव निघाला, तर तो फायबरचे काचतंतू बांधून ठेवणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमधूनच पाझरलेला असतो. पाणी जेलकोटमधून हळूहळू आत जातं, आतल्या विरघळणाऱ्या घटकांशी मिळतं, आणि ते द्रावण बाहेरचं आणखी पाणी आत ओढतं. समुद्रातल्या बोटींनाच हे होतं असा समज आहे. प्रत्यक्षात गोड्या पाण्यात हा त्रास जास्त जोर धरतो, कारण बाहेरच्या पाण्यात क्षार कमी असले की आतबाहेरचा फरक वाढतो. वर्षभर धरणाच्या पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीला म्हणूनच समुद्राच्या बोटीइतकीच, किंबहुना काकणभर जास्त काळजी लागते.

मेण आणि सिलिकॉन

नवी फायबरची बोट साच्यातून निघते तेव्हा तिच्या अंगावर साच्याला लावलेल्या मेणाचा पातळ थर असतो. पुढे मालक चमक राहावी म्हणून वॅक्स पॉलिश लावतो. कुणी गाडीच्या डॅशबोर्डला मारायचा सिलिकॉनचा स्प्रेच बोटीवर फिरवतो. रंगारी येतो आणि थेट घासायला घेतो. त्यामुळे मेण निघत नाही. घासपेपर ते ओरखड्यांमध्ये भरत जातो आणि वरून जागा छान मॅट दिसते. रंगही छान बसतो. दोन-तीन महिन्यांनी पाण्याची ये-जा सुरू झाली की कडा उचलायला लागते.

याची चाचणी सोपी आहे आणि फुकट आहे. घासून झालं असं वाटलं की त्या जागेवर स्वच्छ पाणी ओता. पाणी एकसंध पातळ पडदा होऊन खाली गेलं आणि काही क्षण तसंच राहिलं, तर जागा स्वच्छ आहे. ते मध्येच फाटलं, थेंब थेंब झाले, केळीच्या पानावर पडल्यासारखे गोळे होऊन घरंगळले, तर मेण अजून आहे. मी बघितलेल्या एका निळ्या-पांढऱ्या बोटीवर हातभर लांबीच्या घासलेल्या पट्ट्यात पाणी सगळीकडे नीट पसरलं आणि बरोबर मधोमध तळव्याएवढ्या जागेत फाटलं. पोपडा दरवर्षी तिथूनच उठत होता.

मेण काढायचं ते घासण्याच्या आधी. प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्या. मग दोन सुती कापडं घ्या, एक थिनरने किंवा वॅक्स रिमूव्हरने ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने एका दिशेने पुसा आणि ते उडून जाण्याआधी लगेच कोरड्याने टिपून घ्या. एकाच कापडाने गोल गोल पुसत राहिलं तर मेण इकडचं तिकडे होतं, एवढंच. कापड वारंवार बदला. रंगीत किंवा नवं कोरं कापड नको, त्यातला रंग आणि खळ उतरते. रंग मारताना मध्येच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडायला लागले तर समजा सिलिकॉन राहिलंय. तिथे आणखी रंग ओतून ते बुजत नाहीत. ओला रंग पुसून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा.

लांबी कुठली?

रंगाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा. मी विचारतो तेव्हा संवाद साधारण असा होतो:

“दादा, लांबी कोणती भरणार?”

“एनसी आहे ना भाऊ. गाड्यांना तीच लावतो, एक नंबर फिनिश येते.”

फिनिश येते हे खरं आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी गाडीच्या दरवाजावरचे बारीक चरे बुजवायला बनलेली आहे, पातळ थरात, आणि कोरड्या जागी. बोटीच्या पाण्यात राहणाऱ्या भागावर ती ओल धरते, मऊ पडते आणि जाड भरली तर आक्रसते. डेंटिंगवाल्यांची दोन घटकांची (हार्डनर मिसळून वापरायची) पॉलिएस्टर लांबी त्यापेक्षा बरी. पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, कोरड्या राहणाऱ्या भागात ती चालून जाते. पण तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. पाण्याच्या रेषेखाली ती कुठल्याही परिस्थितीत नको.

खाली भरायची ती इपॉक्सीच. तयार इपॉक्सी फिलर घ्या, किंवा इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर घेऊन त्यात सिलिका पावडर व मायक्रोबलून (पोकळ, हलक्या बारीक गोळ्यांची पूड) मिसळून लोण्यासारखा घट्ट लगदा करा. प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि ते मोजून. लवकर आवळावी म्हणून हार्डनर जास्त घालण्याची सवय आपल्याकडे पॉलिएस्टरमुळे लागली आहे. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच मोकळा राहतो, लांबी कायम मऊ राहते आणि वरचा रंग सुटतो.

इपॉक्सी वाळल्यावर, विशेषतः थंडीत किंवा दमट हवेत, तिच्यावर एक तुपकट पातळ थर येतो. थिनरने तो धड निघत नाही, पाण्याने निघतो. कोमट पाणी आणि स्कॉच-ब्राइट घेऊन आधी तो धुवून काढा, पुसा, मगच घासा. धुतलं नाही तर घासपेपर लगेच चोंदतो, आणि त्या तुपकटपणावर मारलेला प्रायमर पुढे अख्खा सालीसारखा निघतो. पोपड्याची पाठ चकचकीत दिसण्याचं हेही एक कारण असतं, आणि ते मेणासारखंच फसवं आहे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी उत्तम बसते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट भरवशाने धरत नाही, कधी कधी नीट वाळतही नाही. म्हणजे टवका इपॉक्सीने भरला तर वरून रंग मारायचा, जेलकोट नाही. जेलकोटच हवा असेल तर भरणही जेलकोटचंच करा. हा निर्णय काम सुरू करण्याआधी घ्यायचा असतो.

मुळात तुमच्या बोटीवर रंग आहे की जेलकोट?

पुष्कळ मालकांना हे ठाऊक नसतं, आणि त्यावर सगळं अवलंबून असतं. टवक्याची कड बघा. रंगाचे थर कागदासारखे पातळ आणि एकावर एक दिसतात. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि आरपार एकाच रंगाचा. शंका राहिली तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनरने भिजवलेलं पांढरं कापड अर्धा मिनिट दाबून धरा. रंग कापडावर उतरला, जागा मऊ झाली, तर तो एक घटकाचा इनॅमल आहे. काहीच झालं नाही तर दोन घटकांचा रंग किंवा जेलकोट.

इनॅमल असेल तर त्याच्यावर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन रंग) किंवा इपॉक्सी थेट मारू नका. त्यातला जहाल थिनर खालच्या इनॅमलला फुगवतो आणि तासाभरात पृष्ठभाग सुरकुततो. एक तर इनॅमलवर इनॅमलच, नाहीतर सगळा इनॅमल काढून नव्याने.

जेलकोट नुसता फिका पडला असेल, हाताला पांढरी भुकटी लागत असेल, तर रंगाची गरजच नाही. आपल्याकडचं ऊन हे करतं. ओल्या वॉटर पेपरने घासून रबिंग कंपाउंड मारलं की मूळ रंग वर येतो. सरसकट रंगवलेल्या कित्येक बोटींना फक्त एवढंच पुरलं असतं. एकदा रंगवली की मग दर काही वर्षांनी रंगवावीच लागते, म्हणून जेलकोट जिवंत आहे तोवर त्याला रंग लावायला मी कधीच सुचवत नाही.

पाण्याखाली चुकीचा रंग

पाण्याच्या रेषेवर आणि तिच्याखाली बारीक पुटकुळ्या, आणि रेषेच्या वर सगळं सुंदर, असं दिसलं तर बहुधा वरच्या बाजूसाठीचा पीयू रंग खालपर्यंत मारलेला आहे. हे रंग उन्हाला आणि शिंतोड्यांना तोंड देतात. सतत बुडून राहण्यासाठी बहुतेकांची शिफारस नसते, डब्यामागच्या माहितीत तसं लिहिलेलंही असतं. बोट रोज वापरून ट्रेलरवर काढून ठेवत असाल तर काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने पाण्यातच असेल तर रेषेखाली इपॉक्सीचा पाणीरोधक थर हवा. डब्यावर सांगितलेली जाडी भरेपर्यंत त्याचे हात मारा, एका हाताने भागत नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, भुकटी सुटते, म्हणून रेषेच्या वर आल्याबरोबर तिच्यावर पीयूचं पांघरूण हवं.

इथे कुणीतरी अँटीफाउलिंग रंग सुचवतंच. तो समुद्रासाठी आहे. त्यातलं तांबं हळूहळू पाण्यात सुटतं आणि शंखशिंपल्यांना बोटीला चिकटू देत नाही. गंगापूरच्या पाण्यात तसे शंखशिंपले चिकटत नाहीत, शेवाळ धरतं, आणि ते मऊ ब्रशने निघतं. हेच पाणी नाशिक शहर पितं. तिथे विषारी रंग लावलेला तळ बुडवून ठेवू नये, एवढं आपण सगळ्यांनी पाळायला हवं. घासकामही काठावर पाण्याला लागून नको. बोट वर न्या, खाली ताडपत्री अंथरा, ओलं घासा म्हणजे धूळ उडत नाही, आणि जो चिखल जमेल तो वाळवून कचऱ्यात टाका. ब्रश धुतलेला थिनर जमिनीवर ओतू नका.

सगळं बरोबर करूनही तीच जागा जात असेल

मग कारण रंगात नाही, बोट कशी राहते त्यात आहे. बोट बांधायच्या जागी उभे राहा आणि तासभर नुसतं बघा. जेटीला टांगलेले जुने टायर हे नेहमीचे गुन्हेगार. टायरच्या खाचांमध्ये वाळूचे कण अडकतात आणि लाटेबरोबर बोट वरखाली होताना तीच जागा दिवसभर घासली जाते. शिवाय रबरातलं तेल रंगात मुरतं आणि काळे डाग पडतात. टायरवर जाड गोणपाट किंवा जुना गालिचा शिवून घाला, कण अडकले की धुवा. चांगले फुगीर फेंडर घेतलेत तर उत्तमच.

पाणी उतरलं की आपल्या धरणांचे काठ म्हणजे काळा कातळ आणि मुरूम. बोट ओढून वर घेताना तळाचा मधला कणा त्यावर घासतो. तिथे दरवर्षी रंग मारणं म्हणजे पैसे दगडावर घासणं. त्या कण्यावर फायबरच्या दोन-तीन पट्ट्या जास्तीच्या चढवा किंवा स्टीलची पट्टी बसवा, जिची झीज झाली तर ती बदलता येईल. ट्रेलरच्या रोलरची जागाही तपासा. एखादा रोलर जाम असेल तर बोट त्याच्यावरून फिरत नाही, घसरते.

भेगांचा आकारही बघा. एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे मार बसलाय. समांतर जाणाऱ्या भेगा म्हणजे तो भाग वाकतोय, बहुतेक वेळा आतली एखादी फळी सुटलेली असते किंवा दोर बांधायच्या हुकाखाली आधाराची पट्टी नसते. वाकणं थांबवल्याशिवाय भेग बुजवली तर ती त्याच रेषेत परत येते. नुसता रंग भेगेत भरून कधीच उपयोग होत नाही. भेग इंग्रजी ‘व्ही’सारखी उघडून, मग भरावी लागते.

एकदाच, पण नीट

आता दुरुस्ती. महिना कोणता हे आधी ठरवा. जून ते सप्टेंबर विषयच नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट दहा अंशांच्या खाली जाते, बोटीवर दव असतं, आणि संध्याकाळी पाचनंतर पृष्ठभाग पुन्हा गारठतो. नियम असा की बोटीचा पृष्ठभाग दवबिंदूच्या (ज्याला हवेतलं दव धरू लागतं त्या) तापमानापेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा. म्हणजे थंडीत काम सकाळी दहाच्या पुढे सुरू करून दुपारी दोन-तीनपर्यंत आटोपायचं, रात्री रंग दवात सापडता कामा नये. एप्रिल-मेमध्ये उलट अडचण: उन्हातला पृष्ठभाग चटका देतो, रंग ब्रशखालीच आवळतो, बुडबुडे कोंडले जातात. मला फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च सगळ्यांत सोयीचा वाटतो. सावली हवीच. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात शेडनेट कुठेही मिळतं, पण त्यातून धूळ येते, म्हणून वाऱ्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद बांधा.

जेलकोट निघून तंतू उघडे पडले असतील किंवा फोडातून द्रव निघाला असेल, तर प्रथम वाळवण. फोड पूर्ण उघडा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि काही आठवडे सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. वाळलं की नाही ते असं बघा: हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून बाष्प धरलं तर अजून थांबा. घाईने बुजवलेली ओल पुढच्या वर्षी फोड होऊनच भेटते. नाशिकचा कोरडा उन्हाळा या कामी आपल्या बाजूने आहे, कोकणातल्या बोटवाल्यांना हे सुख नाही.

टवक्याच्या कडा घट्ट लागेपर्यंत खरवडून काढा. मग ८० नंबरच्या पेपरने आजूबाजूचे थर उतरते करा, म्हणजे बोट फिरवलं तर पायरी लागू नये. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. डागाच्या कडेला पायरी राहिली की पाण्याला आणि ब्रशला नेमकं तिथूनच नख घालायला जागा मिळते. प्रथम नुसती पातळ इपॉक्सी ब्रशने चोळून मुरवा, ती चिकट असतानाच वर घट्ट लगदा पत्रीने दाबून भरा, किंचित उंच ठेवा. वाळल्यावर धुवा (वरचा तुपकट थर आठवतोय ना), मग लाकडी गुटक्याला पेपर गुंडाळून घासा. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या मध्ये खळगे पडतात आणि चकचकीत रंगाखाली ते सगळे दिसतात. ८० वरून १२०, मग १८० किंवा २२०.

इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पहिला हात वाळल्यावर त्यावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि गुटक्याने घासा. जिथे रेघ राहते तिथे खड्डा आहे. भरा, पुन्हा बघा. शेवटच्या रंगाआधी ३२० नंबर पुरतो. प्रायमर आणि रंग एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेलाच पाळा. तो उलटला तर मध्ये पुन्हा घासावं लागतं. असा माल नाशिकच्या दुकानात नेहमी मिळेलच असं नाही, मुंबईहून मागवायचा तर महिनाभर आधी. रेझिन, सिलिका, काचमॅट मात्र सातपूर-अंबडकडे फायबरची कामं करणाऱ्यांकडून मिळून जातं.

लहान डागाला स्प्रे गन काढू नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा आजार कायमचा मागे लागू शकतो, आणि साध्या कापडी मास्कने काही थांबत नाही. फोमच्या लहान रोलरने पातळ हात द्या आणि लगेच कोरड्या, मऊ ब्रशच्या टोकाने अलगद एकाच दिशेने बुडबुडे मोडत जा. हे सुद्धा कार्ट्रिजचा मास्क आणि हातमोजे घालूनच. शेड जुळवण्याआधी आजूबाजूचा जुना भाग कंपाउंडने घासून घ्या, नाहीतर उन्हाने उडालेल्या रंगाशी शेड जुळवाल आणि पॉलिश केल्यावर डाग वेगळा उठून दिसेल. शेड उन्हातच बघायची, ट्यूबच्या उजेडात नाही. टेप लावली असेल तर रंग पूर्ण कडक होण्याआधी ती काढा.

जेलकोटने भरत असाल तर दोन गोष्टी. रंगद्रव्य आधी मिसळून शेड पक्की करा, मग वजनाच्या १ ते २ टक्के कॅटॅलिस्ट (जेलकोट आवळवणारं रसायन) घाला. हवेला उघडा जेलकोट वरून चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचं द्रावण घालतात किंवा वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवतात. हा कॅटॅलिस्ट डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा हवाच. कोबाल्ट ॲक्सिलरेटरची बाटली वेगळी आली असेल तर ती आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, नंतर कॅटॅलिस्ट.

रोइंगच्या बोटींबद्दल थोडं वेगळं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात उतरला, त्या सिंगल स्कलचं (एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट) नियमाप्रमाणे किमान वजन फक्त १४ किलो असतं. अशा पातळ बोटीवर लांबीचा गोळा म्हणजे शुद्ध नुकसान. तिथे इपॉक्सी चमच्याने मोजावी, मायक्रोबलून जास्त वापरावेत, आणि ८० नंबरचा पेपर हातात घेऊच नये. १८० ने सुरुवात करा, खालची कापडाची वीण कापली गेली तर बोटीचा ताठपणा जातो. लाकडी बोटीला ओल हाच एक मुद्दा, पूर्ण वाळल्याशिवाय काहीही लावू नका. ॲल्युमिनियमला एच प्रायमरशिवाय (धातूला किंचित खाऊन पकड देणारा पहिला हात) रंग धरत नाही, आणि तांब्याचा रंग तिला चालतच नाही, पत्रा खाऊन टाकतो.

शेवटचा हात दिल्यावर रंग हाताला कोरडा लागला म्हणून लगेच बोट पाण्यात ढकलू नका. वरून कोरडा आणि आतून पक्का यात साध्या हवेत साधारण आठवड्याचं अंतर असतं, थंडीत जास्त. त्या काळात जागा झाकू नका, दोर टेकवू नका. आठवड्याने १००० आणि १५०० नंबरच्या ओल्या पेपरने कड मिसळून कंपाउंड मारा. पेपर नव्या रंगावर चालवा, जुन्यावर जेमतेम. आणि बोटीच्या आत, जिथे पाणी लागत नाही अशा फळीवर, पक्क्या शाईने लिहून ठेवा: कोणती लांबी, कोणता प्रायमर, कोणता रंग, शेड नंबर, महिना आणि साल. पुढच्या रंगाऱ्याने “खाली काय आहे?” असं विचारलं की ती फळी दाखवा.